‘पेक्षा’ आणि ‘दॅन’: इंग्रजीतली तुलना नेमकी कुठे घसरते

तुम्ही तीन वाक्यं पाठवलीत आणि विचारलंत की यात चूक काय. आधी ती इथे लिहून घेते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. पहिलं, ‘द पॉप्युलेशन ऑफ पुणे इज स्मॉलर दॅन मुंबई.’ दुसरं, ‘अनलाइक मराठी, द व्हर्ब इन इंग्लिश कम्स इन द मिडल.’ तिसरं, ‘कळसूबाई इज हायर दॅन एनी पीक इन महाराष्ट्र.’ तिन्हींवर तुमच्या सरांनी ‘इल्लॉजिकल कंपॅरिझन’ असा शेरा मारला आणि गुण कापले. तुमचं म्हणणं असं की हीच वाक्यं मराठीत बोललो तर कुणाला खटकत नाहीत, मग इंग्रजीतच काय बिघडतं?

सरांचा शेरा बरोबर आहे. तुमचं म्हणणंही बऱ्याच अंशी बरोबर आहे. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना मी सव्वीस वर्षं इंग्रजी शिकवते आहे, आणि माझा अनुभव असा की ही चूक इंग्रजी कच्चं असल्यामुळे होत नाही. मराठी पक्कं असल्यामुळे होते. म्हणून नियम सांगण्याआधी आपल्या ‘पेक्षा’कडे बघू या.

‘पेक्षा’ हे शब्दयोगी अव्यय. ‘अपेक्षा’ या संस्कृत शब्दातून आलेलं. ते नामाला किंवा सर्वनामाला चिकटतं आणि तिथेच त्याचं काम संपतं. विशेषण जागचं हलत नाही: ‘पुणे मोठं’, ‘नाशिकपेक्षा पुणे मोठं’. मोठं ते मोठंच राहिलं. संस्कृतातून घेतलेले प्रियतर, प्रियतम असे शब्द आपल्याकडे आहेत, ‘तरतमभाव’ हा सुंदर शब्दही आहे, पण रोजच्या बोलण्यात तुलनेचा सगळा भार एकट्या ‘पेक्षा’वर असतो.

आता हे वाक्य बघा: ‘तिचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे.’ इथे ‘माझ्यापेक्षा’ म्हणजे कुणापेक्षा? माझ्या अक्षरापेक्षा. आणि ‘ती माझ्यापेक्षा उंच आहे’ यात? मी या व्यक्तीपेक्षा. दोन्हीकडे रूप एकच. मराठीत ‘मी’ला ‘पेक्षा’ लावायचं तर ते ‘माझ्या’ला लावावं लागतं, आणि ‘माझं’चं सामान्यरूपही ‘माझ्या’च होतं. तुझ्यापेक्षा, त्याच्यापेक्षा, आमच्यापेक्षा, सगळीकडे तेच. म्हणजे मराठी माणूस ‘माझ्यापेक्षा’ म्हणतो तेव्हा त्यात ‘मी’ आणि ‘माझं’ दोन्ही सामावलेले असतात, आणि ऐकणारा संदर्भावरून बरोबर तो अर्थ उचलतो. नामाच्या बाबतीतही बोलताना आपण ‘रमेशचं घर सुरेशच्यापेक्षा मोठं’ असं म्हणतो, किंवा तो ‘च्या’ही गाळून नुसतं ‘सुरेशपेक्षा’ म्हणतो. काही अडत नाही.

इंग्रजीला हा आधार नाही. तिथे ‘मी’ वेगळा आणि ‘माइन’ वेगळा. त्यामुळे ‘हर हँडरायटिंग इज बेटर दॅन मी’ असं लिहिलं की अक्षर आणि माणूस यांची तुलना होऊन बसते. ‘दॅन माइन’ हवं. तुमच्या पहिल्या वाक्यात तंतोतंत हेच झालं आहे. मनात ‘मुंबईपेक्षा’ आलं, त्यातला न बोललेला ‘च्या’ हातातून निसटला, आणि पुण्याची लोकसंख्या मुंबई नावाच्या शहराशी मोजली गेली. एका बाजूला आकडा, दुसऱ्या बाजूला शहर.

‘दॅन’ची जात वेगळी आहे. इतिहासात ‘दॅन’ आणि ‘देन’ हे मुळात एकच शब्द होते, स्पेलिंगं नंतर वेगळी झाली. ‘दॅन’ दोन विधानांना जोडतो. पुढचं विधान बहुतेक वेळा अर्धंमुर्धंच लिहिलेलं असतं, कारण बाकीचं वाचणाऱ्याला कळतं. ‘राधा इज टॉलर दॅन मीरा’ म्हणजे ‘राधा इज टॉलर दॅन मीरा इज’. तेव्हा ‘दॅन’ दिसला की त्याच्या पुढचं गाळलेलं विधान मनातल्या मनात पुरं करून बघायचं. तुमचं वाक्य पुरं करा: ‘द पॉप्युलेशन ऑफ पुणे इज स्मॉलर दॅन मुंबई इज.’ मुंबई ‘स्मॉल’ आहे का याबद्दल तुम्हाला काही म्हणायचंच नव्हतं. वाक्य तिथेच उघडं पडलं. ‘दॅन द पॉप्युलेशन ऑफ मुंबई’ किंवा तेच शब्द परत नकोत म्हणून ‘दॅन दॅट ऑफ मुंबई’. किंवा सरळ ‘पुणेज पॉप्युलेशन इज स्मॉलर दॅन मुंबईज’. मला स्वतःला आणखी एक रूप आवडतं: ‘पुणे हॅज फ्यूअर पीपल दॅन मुंबई.’ पुरं करा, ‘दॅन मुंबई हॅज’. शहरासमोर शहर आलं, ‘दॅट ऑफ’ची गरजच उरली नाही. ‘दॅट ऑफ’ची दुरुस्ती करत बसण्यापेक्षा वाक्याचा कर्ता बदलला तर निम्म्या वेळा काम सोपं होतं.

‘दॅट ऑफ’ शिकवलं की दुसऱ्याच आठवड्यात वह्यांमध्ये नवी चूक सुरू होते, तिचाही इशारा देते. ‘पुणे इज स्मॉलर दॅन दॅट ऑफ मुंबई.’ इथे ‘दॅट’ कशाच्या जागी आला? मागे नामच नाही. दुसरी: ‘दॅन दॅट ऑफ मुंबईज.’ मालकी दोनदा झाली. ‘दॅट ऑफ मुंबई’ घ्या नाहीतर ‘मुंबईज’ घ्या. आणि मागचं नाम अनेकवचनी असेल तर ‘दोज ऑफ’: ‘द लेन्स ऑफ ओल्ड पुणे आर नॅरोअर दॅन दोज ऑफ चंदीगड.’

आता एक बारीक फरक, कारण तो कळला की तुम्ही नियमाचे गुलाम राहणार नाही. ‘सेल्स आर हायर दिस इयर दॅन लास्ट इयर.’ बरोबर की चूक? बरोबर. पुरं करा: ‘दॅन दे वेअर लास्ट इयर’. काळासमोर काळ आहे. पण ‘दिस इयर्स सेल्स आर हायर दॅन लास्ट इयर’ लिहिलं की चूक. इथे कर्ता ‘या वर्षीची विक्री’ आहे, तिच्यासमोर ‘गेलं वर्ष’ उभं राहिलं. ‘दॅन लास्ट इयर्स’ हवं. एका अ‍ॅपॉस्ट्रॉफीचा आणि एका अक्षराचा फरक. बँकेच्या परीक्षांतल्या चूक ओळखा प्रश्नांत असली वाक्यं हमखास येतात, आणि ऑफिसच्या अहवालांत तर रोज दिसतात.

एक प्रसंग सांगते. कृषी पदव्युत्तर शिकणारी एक मुलगी सोयाबीनवरच्या प्रबंधाचा सारांश घेऊन माझ्याकडे आली होती. तिच्या मार्गदर्शकांनी एका वाक्याभोवती लाल गोल करून शेजारी फक्त प्रश्नचिन्ह काढलं होतं. वाक्य होतं, ‘द यील्ड ऑफ ट्रीटेड प्लॉट्स वॉज हायर दॅन कंट्रोल प्लॉट्स.’ तिने स्पेलिंग तपासलं, काळ तपासला, ‘वॉज’चं ‘वेअर’ करून पाहिलं. चूक सापडेना. मी तिच्या हातात पेन्सिल दिली आणि सांगितलं, ‘दॅन’च्या डावीकडे तू ज्याचं माप घेतलंस त्याखाली रेघ मार. तिने ‘यील्ड’खाली मारली. आता उजवीकडे त्याच मापाखाली रेघ मार. पेन्सिल ‘कंट्रोल प्लॉट्स’वर गेली आणि थांबली. ती म्हणाली, ‘मॅडम, हे तर वाफे आहेत. उत्पादन कुठाय?’ मी काहीच समजावलं नाही. तिने स्वतः ‘दॅट ऑफ’ लिहिलं, आणि मग सगळा सारांश त्याच पेन्सिलने परत वाचला. आणखी चार जागा निघाल्या.

त्या चारांतली एक मात्र वेगळी होती. शेतकऱ्यांच्या सर्वेक्षणाबद्दल तिने लिहिलं होतं, ‘फार्मर्स ट्रस्ट ट्रेडर्स मोअर दॅन बँक ऑफिसर्स.’ हे व्याकरणाने चूक नाही. पण ‘दॅन’नंतरचं विधान दोन तऱ्हांनी पुरं होतं. ‘दॅन दे ट्रस्ट बँक ऑफिसर्स’: शेतकऱ्यांचा विश्वास व्यापाऱ्यांवर जास्त, बँकेच्या अधिकाऱ्यांवर कमी. किंवा ‘दॅन बँक ऑफिसर्स डू’: व्यापाऱ्यांवर शेतकरी जितका विश्वास ठेवतात तितका बँकेचे अधिकारी ठेवत नाहीत. हे दोन वेगळे निष्कर्ष आहेत. तिला पहिला म्हणायचा होता. गंमत अशी की मराठीत ‘शेतकरी बँक अधिकाऱ्यांपेक्षा व्यापाऱ्यांवर जास्त विश्वास ठेवतात’ असं लिहिलं तरी हाच घोळ राहतो. तो टाळायला आपण ‘बँक अधिकाऱ्यांवर ठेवतात त्याहून जास्त विश्वास व्यापाऱ्यांवर ठेवतात’ असं लिहितो. म्हणजे जिथे खरोखर अडतं तिथे मराठीसुद्धा विधान पुरं करते. इंग्रजीतही तेच करायचं: एक ‘दे ट्रस्ट’ किंवा एक ‘डू’ घालायचा. दोन शब्द वाचवून वाचणाऱ्याला अंदाज करायला लावू नये, निदान प्रबंधात तरी नाही.

‘दॅन आय’ की ‘दॅन मी’ हा वाद याच ठिकाणचा. ‘शी इज टॉलर दॅन मी’ असं जगभर बोलतात आणि त्याला मी चूक म्हणत नाही. लेखी परीक्षेत ‘दॅन आय’ अपेक्षित असेल तर ‘दॅन आय अ‍ॅम’ लिहा, कुणालाच हरकत उरत नाही. पण ‘शी लाइक्स रोहिणी मोअर दॅन मी’ आणि ‘शी लाइक्स रोहिणी मोअर दॅन आय डू’ यांत अर्थच बदलतो. तिथे ‘डू’ घालण्याचा आळस करू नका.

आता समांतर रचनेकडे. तुमच्या प्रश्नात ‘पॅरलल’ हा शब्दही होता. तर्क म्हणजे कशाची तुलना कशाशी. समांतरता म्हणजे त्या दोन गोष्टी एकाच साच्यात बसवलेल्या असणं. ‘स्विमिंग इज ईझिअर ऑन द नीज दॅन टू रन’ यात तर्क ठीक आहे, पोहणं आणि धावणं, पण साचे दोन. ‘दॅन रनिंग’ करा. मराठीत ‘धावण्यापेक्षा पोहणं’ म्हणताना ‘धावणं’ आणि ‘पोहणं’ एकाच घडणीचे असतात, त्यामुळे हे आपल्याला ऐकून कळायला हवं, पण इंग्रजीत ‘टू’ आणि ‘इंग’ अशी दोन रूपं हाताशी असल्याने मुलं जे आधी सुचेल ते लिहितात.

याहून जास्त चुका शब्दयोगी शब्दांत होतात, आणि इथे मराठी उलट मदतीला येते. ‘इट रेन्स मोअर इन महाबळेश्वर दॅन पुणे.’ मराठीत आपण ‘पुण्यापेक्षा महाबळेश्वरला पाऊस जास्त’ म्हणतो. ‘पुण्यात पडतो त्यापेक्षा’ असं क्वचितच म्हणतो. पण इंग्रजीसाठी विचार करताना ‘पुण्यात’ असा सप्तमीचा ‘त’ मनात आणा. तो ‘त’ म्हणजेच ‘इन’. ‘दॅन इन पुणे’. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो, पुण्यात सातशेच्या आसपास. ‘द रेनफॉल इन महाबळेश्वर इज हेविअर दॅन पुणे’ असं लिहिलं तर परत पाऊस विरुद्ध शहर. ‘दॅन दॅट इन पुणे’ किंवा ‘दॅन इन पुणे’. इथे ‘दॅट ऑफ’ नको, कारण आधी ‘इन’ वापरलंय. डावीकडे जो शब्द तोच उजवीकडे.

‘अ‍ॅज गुड अ‍ॅज, इफ नॉट बेटर दॅन’ हीही समांतर रचनाच. मुलं लिहितात, ‘हर एसे इज अ‍ॅज गुड इफ नॉट बेटर दॅन हिज.’ मधला भाग उचलून बाजूला ठेवा: ‘अ‍ॅज गुड… हिज’. दुसरा ‘अ‍ॅज’ गायब. ‘गुड’ला ‘अ‍ॅज’ हवा, ‘बेटर’ला ‘दॅन’ हवा, एकाच्या उधारीवर दुसरा चालत नाही.

पटींचा मुद्दा इथेच सांगून टाकते. २०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाखांच्या वर होती आणि पुणे महापालिका हद्दीची ३१ लाखांच्या वर. म्हणजे मुंबई पुण्याच्या जवळजवळ चौपट. इंग्रजीत ‘मुंबई हॅड अबाउट फोर टाइम्स अ‍ॅज मेनी पीपल अ‍ॅज पुणे’ लिहा. ‘फोर टाइम्स मोअर दॅन’ लिहिलं तर काही वाचक चौपट समजतात आणि काही ‘आहे त्यात आणखी चार पट’ म्हणजे पाचपट. मराठीत ‘चौपट’ आणि ‘चौपटीने जास्त’ यांत हीच गडबड होते. आकडा असेल तिथे ‘अ‍ॅज… अ‍ॅज’च वापरावं, असं माझं ठाम मत आहे.

‘सीनिअर’, ‘ज्युनिअर’, ‘सुपीरिअर’, ‘इन्फीरिअर’ यांच्यापुढे ‘टू’ येतो, कारण हे शब्द लॅटिनमध्ये आधीच तुलनेच्या रूपात होते. ‘प्रिफर’लाही ‘टू’: ‘आय प्रिफर टी टू कॉफी’. ‘मोअर बेटर’ नको. हे पाठ करा, यात समजून घेण्यासारखं फारसं काही नाही.

तुमचं दुसरं वाक्य. ‘अनलाइक मराठी, द व्हर्ब इन इंग्लिश…’ इथे ‘दॅन’ नाही, पण ‘लाइक’, ‘अनलाइक’, ‘कंपेअर्ड टू’ हेही तुलनाच करतात. फरक इतकाच की इथे तुलनेची पहिली बाजू वाक्याच्या तोंडाशी, स्वल्पविरामाआधी येते. दुसरी बाजू स्वल्पविरामानंतर लगेच जो कर्ता येईल ती. तुम्ही तिथे ‘द व्हर्ब’ ठेवलंत. मराठी भाषा एका बाजूला, क्रियापद दुसऱ्या बाजूला. मनात होतं ‘मराठीसारखं इंग्रजीत नसतं’, आणि ते ‘मराठीसारखं’ जसंच्या तसं उतरलं. कर्त्याच्या जागी भाषा आणा: ‘अनलाइक मराठी, इंग्लिश पुट्स द व्हर्ब इन द मिडल.’ भाषेसमोर भाषा. ‘अनलाइक इन मराठी’ अशी रचना छापील मजकुरात सापडते, पण कडक परीक्षक तिला नाक मुरडतात. परीक्षेत तिच्या वाटेला जाऊ नका.

परीक्षेवरून आठवलं. व्यवस्थापन शिक्षणाच्या प्रवेशासाठी जीमॅट देणारी मुलं हा विषय घोकून घोकून करायची, कारण त्या परीक्षेत वाक्य सुधारण्याचा एक स्वतंत्र प्रश्नप्रकार होता आणि त्यात तर्कशुद्ध तुलना हा नेहमीचा सापळा. २०२३ च्या शेवटी आलेल्या नव्या जीमॅटमधून तो प्रकार काढून टाकला. तेव्हापासून काही जण मला विचारतात, आता हे कशाला शिकायचं? वर ज्या मुलीबद्दल सांगितलं तिने जीमॅटचं नावही ऐकलं नव्हतं. तिला आपल्या वाफ्यांचं उत्पादन लोकांपर्यंत नीट पोहोचवायचं होतं.

राहिलं कळसूबाई. ‘कळसूबाई इज हायर दॅन एनी पीक इन महाराष्ट्र.’ कळसूबाई १,६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, तेव्हा माहिती खरी आहे. पण ‘महाराष्ट्रातलं कोणतंही शिखर’ म्हटलं की त्या यादीत कळसूबाईसुद्धा आली. मग ती स्वतःपेक्षाही उंच ठरते. यादीतून तिला बाहेर काढायला ‘अदर’ हवा: ‘दॅन एनी अदर पीक इन महाराष्ट्र’. मराठीत आपण ‘इतर कोणत्याही शिखरापेक्षा’ म्हणतोच, फक्त बोलताना तो ‘इतर’ गळतो.

दहावीला ‘डिग्री बदला’ या प्रश्नात तुम्ही हे केलेलं आहे. ‘नो अदर पीक इन महाराष्ट्र इज अ‍ॅज हाय अ‍ॅज कळसूबाई’, ‘हायर दॅन एनी अदर’, ‘द हायेस्ट’, अशी तीन रूपं तालात पाठ करून घेतात. त्यातला ‘अदर’ का आहे हे फार थोड्या मुलांना माहीत असतं, आणि म्हणून तो तालातून सुटला की वाक्यातूनही सुटतो. माझ्या वर्गात मी हा एक प्रश्न विचारते: ‘कळसूबाई इज हायर दॅन एनी पीक इन गोवा’, यात ‘अदर’ घालायचा का? निम्मा वर्ग सवयीने ‘हो’ म्हणतो. मग मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच म्हणतं, ‘पण मॅडम, कळसूबाई गोव्यात कुठाय?’ बरोबर. ती त्या यादीतच नाही, म्हणून तिला बाहेर काढायचा प्रश्न येत नाही. ‘अदर’ घातला तर उलट कळसूबाई गोव्यात आहे असा अर्थ होतो.

साल्हेर, १,५६७ मीटर, उंचीत दुसरं. आता हे वाक्य तुमच्यासाठी ठेवते: ‘साल्हेर इज हायर दॅन एनी अदर पीक इन महाराष्ट्र एक्सेप्ट कळसूबाई.’ यातला ‘अदर’ राहू द्यायचा की काढायचा? पेन्सिल घ्या, यादी करा, आणि मग उत्तर लिहून पाठवा.